पांढरं कार्ड

३ मार्च, सोमवार

परत तेच पांढरं कार्ड! खोली सात. नाव नाही, चित्र नाही, नुसता पांढरा चौकोन आणि कोपऱ्यात आकडा. वृद्धाश्रमातल्या सिस्टरनी फोटो पाठवला, खाली लिहिलं, "परत आलंय." तिथला कॉम्प्युटरचा पडदा मी बनवलेला, तेव्हा मलाच विचारणार म्हणा.

लिहूनच काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. त्यांच्या काउंटरवरच्या पडद्यावर आधीपासून कार्डं मांडलेली नाहीत. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा आहे. पट्ट्याकडून निरोप आला — औषध घेतलं, झोपले, बागेत गेले — की माझा कोड तो निरोप ओळखीच्या निरोपांच्या यादीत शोधतो आणि चालत्या पानात, तिथल्या तिथे, त्या प्रकारचा कंपोनंट, म्हणजे ते कार्ड, तयार करून लावतो. निरोप नाही तर कार्ड नाही. आणि यादीत नसलेलाच निरोप आला तर? पान कोसळू नये म्हणून मीच लिहून ठेवलंय — रिकामं कार्ड लाव आणि पुढे चल. रिलीजच्या दिवशी घाईघाईत खरडलेली ओळ.

म्हणजे भलताच काहीतरी निरोप येतोय. पट्टेवाल्या कंपनीला मेल टाकला.

५ मार्च, बुधवार

सातमधले मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

६ मार्च, गुरुवार

जुन्या नोंदी काढून बसले. फेब्रुवारीत दोन पांढरी कार्डं. खोली अकरा, खोली दोन. दोघंही दोन दिवसांच्या आत गेले! तीनदा तपासलं.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला सांगितलं तर हसला. "बग आहे बाई, भूत नाही. यादीत नाव टाक आणि मोकळी हो." त्याचं काय जातंय बोलायला! त्याची आई नाही तिथे. माझी आहे, चौदा नंबरच्या खोलीत.

७ मार्च, शुक्रवार

कंपनीवाल्याचा फोन. "मॅडम, असा निरोप आमच्या कागदपत्रांत नाहीच. बघतो." म्हणजे बघणार नाही.

सिस्टरना म्हटलं, मी ते पांढरं कार्ड बंदच करून टाकते. मग म्हणाल्या, "नका हो ताई. ते आलं की आम्ही घरच्यांना फोन करतो. मास्तरांचा मुलगा वेळेवर पोचला. शेवटचं जेवण त्याच्या हातून झालं." म्हटलं, भीती नाही वाटत? "वाटते की! काउंटरवर बसते ती पडद्याकडे पाठ करूनच."

नाही बंद केलं.

९ मार्च, रविवार

आईकडे जाऊन आले. जायला तीन तास, यायला तीन. आई ठणठणीत! माझ्या केसांवरून बोलली, दादाच्या पोटावरून बोलली, पत्त्यांत मला सरळसरळ फसवलं आणि वर माझ्यावरच ओरडली. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता मी. निघताना मनगटावरचा पट्टा फिरवत म्हणाली, "यातलं तुला तिकडे दिसतं ना गं?" म्हटलं, सगळं दिसतं.

१२ मार्च, बुधवार

खोली नऊ. पांढरं. शिवणकाम शिकवायच्या त्या बाई.

१३ मार्च, गुरुवार

गेल्या. मुलगी पोचली होती.

१४ मार्च, शुक्रवार

केलं शेवटी. एकच ओळ — खोली चौदा असेल आणि निरोप ओळखता आला नाही, तर कार्ड बनवूच नकोस. बाकी सगळ्यांची बनव. शेजारच्याने कोड तपासताना विचारलं, "चौदाच का?" टेस्टिंग, म्हटलं. धडधडीत खोटं!

दिसलंच नाही म्हणजे होणारही नाही — काय अक्कल माझी! कळतंय मला. पण ती ओळ चढवली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. शरम वाटते लिहायला, पण जेवले.

१६ मार्च, रविवार

आज आईकडे गेले नाही. लोळून काढला दिवस. पडदा उघडून पाहिला, चौदावर काही नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी सिस्टरचा फोन. तीनमधल्या घड्याळकाकांचं कार्ड आलं — पांढरं. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. सिस्टरना त्यांनीच जवळ बसवून घेतलं आणि हसत हसत सांगितलं म्हणे, "ते आम्हीच पाठवतो." पट्ट्याचं बटण मिनिटभर दाबून धरायचं. काकांनीच पट्टा उघडून शोधून काढलं आणि एकेकाला शिकवलं. वेळ आली असं वाटलं की दाबायचं, म्हणजे आपली माणसं येतात. सिस्टरनी विचारलं, वेळ आली हे कळतं कसं? "कळतं," म्हणाले.

मी विचारलं, आईला शिकवलंय? "सगळ्यांनाच शिकवलंय. पण तुमच्या आई बऱ्या आहेत हो, त्यांचं कार्ड कुठे आलंय! रविवारपासून दारापाशी खुर्ची टाकून बसतात, तेवढंच. जेवायलाही आत येत नाहीत. पोरगी येतेय म्हणतात."

१८ मार्च, बसमध्ये

ऑफिसातून निघायच्या आधी ती ओळ काढली. साठलेले निरोप परत वाचले गेले आणि त्याच क्षणी कार्ड उभं राहिलं. चौदा. पहिला निरोप रविवारी सकाळी नऊ वीसचा. त्यानंतर एकोणीस वेळा.

सिस्टरना फोन लावला. म्हणाल्या, "खुर्चीतच डोळा लागलाय त्यांचा. उठवू का?"

नको म्हटलं.