तांदळाच्या डब्यातली बाटली

९ जाने.
सुजाताला डिचोलीच्या इस्पितळातून माहेरी आणलं. सोबत तिची लेक, चार दिवसांची. जावई लगेच हरमलला परतले, भाड्याच्या खोल्यांत पाहुणे आहेत. कार्डावर पोरीचं वजन जन्मापेक्षा कमी! नर्सबाई म्हणाली, "सुरुवातीला उतरतंच. अंगावरचंच पाजा, वरचं नको. बाळ ओढेल तेवढं दूध येईल." तिचं वय ते काय! मी दोन पोरं वाढवली. डिचोलीतून येतानाच दुधाच्या पावडरीचा डबा नि बाटली घेतली, पिशवीच्या तळाशी.

१० जाने.
सकाळभर रडणं. सु. सारखी पाजते, तरी पोर तोंड वळवून शोधतेच. बाळंतिणीला न्हाऊ घालणारी वयजीण सु.ला न्हाणीत तेल लावत होती, तेवढ्यात बाटली दिली. गटागटा प्याली, झोपली. माझा जीव थंड. डबा-बाटली उकड्या तांदळात लपवली. सु.ला कशाला सांगा, मनाला लावून घेईल.

१३ जाने.
आता रोज. न्हाणीच्या वेळी, दुपारी सु.चा डोळा लागला की पुन्हा. सु. म्हणते, "आई, तुझ्या हाताक काय जादू आसा? लगेच निजता गो." हसले.

१६ जाने.
पोर छातीला धरतच नाही. दोन घोट, की चिडून मागे. सु. हमसून रडली. "माका दूदच येणा नाय गो. माझ्यातच काय तरी कमी आसा." मी पेज वाढत होते. म्हटलं, खा गो बाय. एवढंच म्हटलं. काय बाई मी!

१७ जाने.
उपकेंद्रात नेलं. वजन छान वाढलंय. तिथल्या नर्सबाईने विचारलं, "वरचं देता काही?" सु. म्हणाली, "नाही, शपथ." मी कार्डाची घडी घालत बसले. बाई म्हणाली, "मग दूध पुरतंय. पाजत राहा." बिचारी सु. गोंधळली. जन्मभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी! अति शहाणा...

१८ जाने.
सकाळी सु. मान खाली घालून आली. "आई, रागावू नको. तेंका हरमलसून येताना पावडरीचो डबो आणूक सांगलंय. माझ्यान जमणा नाय. माका माफ कर."
माझी माफी मागते!
तांदळात हात घातला. अर्धा डबा, बाटली, दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. इस्पितळातली नर्सबाई म्हणाली होती तेही, ओढेल तेवढं येईल. पोर इथे बाटली ओढत होती.
सु. उठली. पोरीला उचलून आत गेली, दार ओढलं.
न्हाणीचं पाणी तापून निवत आलंय. आत पोर रडतेय, थांबते, पुन्हा रडते. पाजते आहे बहुतेक. हाक मारायचा धीर होत नाही.