हुर्राक म्हणजे दारू नव्हे

२ मार्च, रविवार. पार्से

देवीने कौल दिला. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली. ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, 'आजपासून दारवेक हात लावचंय नाय.' सासूबाई रडल्या. मीही. मला कौलापेक्षा नवल याचं की नारळ ह्यांनी आपणहून आणला. एरवी कोथिंबीर आणायची तरी चारदा सांगावं लागतं.

बघू. उद्या चौथीची चाचणी, पेपर अजून काढायचाय.

३ मार्च, सोम.

ह्यांचे हात थरथरतायत. कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर. घामाने बनियन पिळून काढावं असं. विश्राम भावजी, म्हणजे धाकटे दीर, भट्टीवरून येता येता डोकावले. हंगामात ते रानात काजूची भट्टी लावतात. म्हणाले, 'वयनी, दारू भायर सरता ती. बरां लक्षण.'

असेलही.

४ मार्च, मंगळ.

भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणाले. भिंत कोरी. पुन्हा पुन्हा झटकत होते. मी भ्याले, सरळ लिहिते. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर सासूबाई, 'देवीन सांगल्यान, आता डॉक्टराक कित्याक विचारूचां?' आपली झोपेची गोळी त्यांनीच ह्यांना दिली. थोड्या वेळाने आणखी एक. निजले. घर गप्प झालं तर बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

८ मार्च, शनि.

मुंग्या गेल्या, थरथर उतरली. पेडण्याच्या बाजारात दोघींनी थांबवून विचारलं, कुठली हो तुमची देवी? मान ताठ करून घरी आले.

मात्र झोपेच्या गोळ्या (झो. गो.) आता रोजच्या झाल्यात. पाठदुखीच्या कॅप्सूलही वाढल्यात. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हाची सवय. तिथले सगळेच ड्रायव्हर घ्यायचे, त्या रस्त्यांवर पाठ शाबूत राहते कुणाची? खाण बंद पडली, ट्रक विकला, कॅप्सूल राहिली. मी काही बोलले की, 'ता औषध गो. कौल दारवेचो घेतल्लो.'

वकील व्हायचा माणूस, चुकून स्टिअरिंगवर बसला.

१२ मार्च, बुध.

कॅप्सूल संपल्या, दुकानात नव्हत्या. दिवसभर जांभया, नाक वाहतंय, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय एका जागी ठरत नाहीत. सर्दी समजून काढा दिला. संध्याकाळी कुठून तरी पाकीट पैदा केलं आणि थोड्याच वेळात ठणठणीत, वर जेवायला काय म्हणून विचारतायत. असली सर्दी मी बघितली नाही. विचार करायला हवा. उद्या शाळा सुटल्यावर...

१७ मार्च, सोम. म्हापसा, हॉस्पिटल

काल दुपारी. जमेल तसं लिहिते.

भावजी भट्टीवरची यंदाची हुर्राक, काजूच्या रसाची पहिली धार, घेऊन आले. लिंबूसोडा, मीठ, उभी चिरलेली मिरची, सगळा थाट. मी म्हटलं, आणि शपथ? दोघे भाऊ हसले. 'वयनी, हुर्राक म्हणजे काय दारू? काजूचो रोस तो.' सासूबाई म्हणाल्या पोटाला थंड असते. खरं सांगायचं तर इकडे हुर्राकीला दारू म्हणतं कोण? फेणी ती दारू. माझे वडील जन्मात दारूला शिवले नाहीत, आणि हंगामात हुर्राक तांब्याने प्यायचे. मग मी काय बोलणार.

ह्यांनी दोन गलास घेतले. सकाळची कॅ. पोटात होतीच, जेवणावर झो. गो. रोजच्यासारखीच. सोप्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, 'बरो निजलो. उठवू नको.' मी पेपर तपासत बसले.

घोरणं मध्येच थांबायचं. मग लांबून एक श्वास, विहिरीतलं पाणी संपलं की पंप हवा ओढतो तसं. मग परत काहीच नाही. हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, काही नाही. ओठ जांभळे.

कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली. शाळेच्या प्रथमोपचार शिबिरातलं तेवढंच आठवलं. भावजींनी अँब्युलन्स बोलावली. वाटेत ऑक्सिजन लावला. भावजी सगळा वेळ एकच, 'दोनच गलास गो वयनी, दोनच.'

१८ मार्च, मंगळ. तिथेच

उताऱ्याच्या सुईने शुद्धीवर आले. आल्या आल्या उलट्या, शहारे, मलाच शिव्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईचा असर लवकर उतरतो, कॅप्सूलचा उरतो, म्हणून नजरेखाली ठेवणार.

त्यांनी सांगितलं ते असं. ती पाठीची कॅप्सूल अफूच्या जातीची. ती, झोपेची गोळी आणि दारू, तिघी मेंदूला एकच सांगतात, हळू. श्वासालासुद्धा. एकेकटी सोसली म्हणून तिघी मिळून सोसतील असं नाही. 'आणि हुर्राक दारूच असते, बाई.'

मी मुंग्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हाच आणायला हवं होतं. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली की फिट येते, माणूस जातोसुद्धा. आणि माझ्या काढ्याची ती सर्दी म्हणजे कॅप्सूल न मिळाल्याची तडफड.

राग कुणावर काढू? देवीवर नाही. आम्ही जेवढं विचारलं तेवढ्याचंच तिने उत्तर दिलं.

२३ मार्च, रवि. घरी

सगळ्या गोळ्या विहिरीत टाकायला निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून थांबले. झोपेच्या एकदम तोडल्या तरी फिट. मात्रा हळूहळू उतरवायची, तीही पणजीच्या व्यसनाच्या डॉक्टरांच्या हाताखाली. तोवर त्यांनी लिहून दिलेलं तेवढंच, माझ्या हातून. आणि आणखी एक, काही आठवडे सुटल्यावर कुणी जुन्या हिशेबाने घेतलं तर अंगाची सवय गेलेली असते. तेव्हाच जास्त मरतात.

हे रुसलेत. 'पणजेक गेलंय तर लोक पिसो म्हणतले.' तो वेड्यांचा डॉक्टर वाटतो ह्यांना. सासूबाई आपल्या गोळ्या पदराला बांधून हिंडतात. भावजी फिरकले नाहीत.

दिवसाला किती कॅ. घ्यायचात, विचारलं. 'दोन-तीन.' भावजींना फोन केला, 'चार आसतली.' पणजीला आकडा खरा सांगायला हवा, सगळी उतरण त्याच्यावर बसवणार. खोटा सांगितला तर पुन्हा चोरून घेणार, आणि मग कुठल्यातरी दुपारी...

नको.

२८ मार्च, शुक्र. पणजीहून परत

डॉक्टरांनी ह्यांनाच विचारलं, किती? हे माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. पंखा घरघरत होता.

'आठ. कधी धा.'

दहा! एका घरात, ताटाला ताट लावून जेवतो आम्ही. इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की हसूच फुटेल. डॉक्टर नुसते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि लिहायला लागले. वॉर्डात दाखल व्हावं लागेल, पुढच्या आठवड्यात खाट मिळेल. ह्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. 'बघूया.'

परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. डॉक्टरांनी दिलेली तेवढीच गोळी पोटात, मीच दिलेली. तरी बस जरा उसळली की माझं बोट आपसूक त्यांच्या नाकाखाली. पर्वरी गेली, म्हापसा गेलं. कोलवाळच्या पुलावर पुन्हा बोट नेलं, तर डोळे न उघडता म्हणाले, 'आसंय मी.'

बोट काढलं नाही.