कालचा शब्द

३ जानेवारी १६४५, हारकॉट

पोचलो एकदाचा! थोरल्या भावाने, ह्यूने, फाटकातच पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला की मेल्या, तू अजून जिवंत कसा? दोघं एकाच दिवशी राजाच्या फौजेत भरती झालो, पण त्यानंतर भेट ती आजच. हवेली दगडी आहे, शेकोटी माणूस उभा राहील एवढी मोठी, रात्रीला खारवलेलं मांस आणि चक्क बिअर. मागच्या छावणीत वाटाण्याचं पाणी पिऊन दिवस काढले होते. आईने निघताना एकच मागितलं होतं, दोघं बरोबर परत या. निदान एका छपराखाली तरी आलो.

५ जानेवारी

नदीकडच्या पुढच्या फाटकावर नेमणूक झाली. (मागचं फाटक तबेल्याकडे उघडतं.) सोबतीला डिगरी नावाचा म्हातारा नाईक आहे. इंग्लंडातल्या या यादवीत शत्रू ओळखायचा कसा, हे देवालाच ठाऊक. आमचा पट्टा तांबडा, पार्लमेंटवाल्यांचा नारिंगी, आणि चिखलात दोन्ही सारखेच. भाषा एक, शिव्याही त्याच. म्हणून परवलीचा शब्द. तो रोज कॅप्टन पेलो ठरवतात. त्यांचं शिकारी कुत्र्यांवर भारी प्रेम, त्यामुळे रोज एका कुत्र्याचं नाव. आज ‘ड्रमर’ होतं. शब्द चुकला की गोळी, मग समोर सख्खा बाप का असेना, असं डिगरीने बजावलं. एरवी त्याचं तोंड बंद होत नाही, पण माझ्याआधीचा पहारेकरी कुठे गेला म्हणून विचारलं, तर बंदुकीचा तोडा, ती जळती वात, फुंकत बसला.

७ जानेवारी

सकाळपासून धुकं. दुपारी जेवताना फाटकावर थाप पडली. मी हटकलं. बाहेरून कोणीतरी शांतपणे म्हणालं, ‘जाउलर’. आजचा शब्द तो नव्हताच. मी बंदूक उचलली, तर डिगरीने नळी खाली दाबली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मलाही तसंच करायला लावलं. थाप थांबल्यावर मी फटीतून पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. नोव्हेंबरात आमचीच एक तुकडी सरपणाला गेली होती. इकडे एक शिपाई पळाला, तो शब्द फोडेल म्हणून कॅप्टननी भर दुपारी शब्द बदलला. बाहेर गेलेल्यांना कोण कळवणार? ते धुक्यातून आले आणि सकाळचा शब्द म्हणाले, ‘जाउलर’. पहारेकऱ्याने आवाज ओळखले होते, तरी हुकूम तो हुकूम. गोळ्या खाऊन खंदकात पडले, तिथेच पुरले. तेव्हापासून धुकं आलं की थाप पडते. डिगरी म्हणतो, आपण मेलो हे त्यांना कळलेलंच नाही. शब्द चुकला, एवढंच कळलंय. उत्तर द्यायचं नाही, दार उघडायचं नाही. आधीच्या पहारेकऱ्याने उघडलं होतं.

भीती वाटली, पण त्याहून चीड आली. राजासाठी मरायला मी तयार आहे. कुत्र्याच्या नावापायी मरायचं म्हणजे काय?

९ जानेवारी

ह्यूला सकाळीच गिरणीवर पीठ आणायला धाडलं. जाताना माझ्या हातातली भाकरी पळवून गेला. आजचा शब्द ‘फ्लोरा’. दुपारी धुकं उतरलं आणि थाप पडली. बाहेरचा आवाज म्हणाला, ‘जाउलर’. मग जरा थांबून, ‘फ्लोरा’.

फटीबाहेर कोणी नव्हतं. डिगरी पुटपुटला, यांना आजचा शब्द कळला कसा?

कॅप्टनना वर्दी दिली. त्यांनी काय करावं? शब्द बदलला. ‘टॅनर’. मी तोंडावर सांगितलं की साहेब, माझा भाऊ बाहेर आहे, मला जाऊन त्याला नवा शब्द सांगू द्या. नाही म्हणाले. मागच्या वेळीही असंच कोणीतरी रडत आलं होतं म्हणे. बोलताना कुत्र्याचे कान खाजवत होते. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्याच दिवशी, अंधार पडण्याआधी

ह्यूचा आवाज. फाटकाबाहेर. ‘फ्लोरा’ म्हणतोय. मला घरच्या नावाने हाक मारतोय, दार उघड म्हणतोय— डिगरीने कानांत बोटं घातली आहेत. मला खुणावतोय, ऐकू नकोस.

ह्यू मेलेला नाही. सकाळी माझी भाकरी— नाही. मी गोळी झाडणार नाही. उघडतो. त्याला नवा शब्द सांगतो, हाताला धरून आत—

नंतर

बाहेर ह्यू नव्हता. खंदकापर्यंत गेलो, हाका मारल्या. धुक्यात हातसुद्धा दिसत नव्हता. परत आलो तर फाटक बंद. थाप मारली, स्पष्ट म्हणालो, ‘टॅनर’. आतून गोळी सुटली. अगदी जवळून. लागलं कुठे नाही.

मी बाहेर पडताच यांनी शब्द बदलला असणार. मूर्ख लेकाचे.

कोणता दिवस, माहीत नाही

धुकं. पुन्हा थाप मारली. कोणी ओ देत नाही. थंडी वाजत नाही, भूकही नाही.

फटीतून दिसतंय. ह्यू आत आहे! मागच्या फाटकाने आला असणार. माझ्या जागेवर उभा आहे. माझी बंदूक त्याच्या हातात—

रडतोय का हा?

हाक मारली. ह्यू, मीच आहे रे, नवा शब्द सांग. माझ्यामागे कोणीतरी उभं आहे. खूप जण. पुटपुटतायत, जाउलर, जाउलर. ढकलतायत.

ह्यूने वर पाहिलं. आवाज ओळखला त्याने. ओळखला. आता उघडेल— बंदूक खाली ठेवली— हात वर— कानांत बोटं—