बदामी रंगाची रेंज

एकलहरे वसाहत,
४ जानेवारी १९८३

ती. विमलताईस,
चांगुणाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझे पत्र पोचले. पेठला थंडी फार आहे, तर ती जुनी शाल वापरत जा, पेटीत घालून ठेवू नकोस.

इकडची मोठी बातमी म्हणजे आमच्याकडे कुकिंग रेंज येणार आहे. हसू नकोस. वर चार बर्नर, खाली ओव्हन, असे ते धूड असते. ह्यांनी रविवारी मला मुद्दाम नाशकात मेनरोडला दुकानात नेले. दुकानदार तीन बर्नरची दाखवत होता, तर हे म्हणाले, चारचीच हवी. ओव्हनला काचेचे दार की पत्र्याचे, ते माझ्यावर सोपवले. काचेतून आतला पाव फुगताना दिसतो म्हणे, म्हणून मी काचेचे म्हटले. रंग पांढरा, हिरवा आणि बदामी. मी बदामी सांगितला. मुंबईहून मागवावी लागणार आहे. आमच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत फक्त मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर तसली आहे.

मी ह्यांना विचारले की आपण खाणारी चार माणसे, त्यात सासूबाईंना पेजच लागते, मग एवढा थाट कशाला? तर म्हणाले, तू किती राबतेस ते मला दिसते. लग्नाला अकरा वर्षे झाली, असे कधी बोलले नव्हते. बरे वाटले, आणि थोडी भीतीही वाटली.

सासूबाईंची डावी बाजू अजून तशीच आहे. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. चि. विशाखा तिसरीत पहिली आली.

एक काम कर. शिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होऊन तीन महिने झाले. माझ्याबरोबरच्या लंकाबाईला नेमणुकीचा हुकूम येऊन ती रुजूही झाली. माझे काय झाले, तुझ्या ओळखीत विचारशील का? लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
चांगुणा

पेठ,
१३ जानेवारी १९८३

प्रिय चांगुणास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी रेंज वाचून आमच्या आश्रमशाळेतल्या भिमाबाई खूप हसल्या. त्या तीन दगडांच्या चुलीवर दीडशे पोरींची नागलीची भाकरी थापतात. म्हणाल्या, चार तोंडांची चूल आली तर फुंकायला माणसेही चार लागतील.

आता पुढचे नीट बसून वाच. मी स्वतः नाशिकला कचेरीत जाऊन आले. तुझा हुकूम सहा डिसेंबरलाच निघाला. इथून पुढे दहा कोसांवरच्या पाड्यावरची शाळा होती. शनिवार-रविवार माझ्याकडे राहता आले असते. एक तारखेपर्यंत रुजू व्हायचे होते. तू गेली नाहीस म्हणून ती जागा यादीतल्या पुढच्या बाईंना दिली.

हुकूम रजिस्टर पोस्टाने पाठवला होता, आणि पोचपावती परत आलेली आहे. कारकुनाने ती मला दाखवली. तिच्यावर सही आहे. तुझी नाही. कोणाची, ते मी इथे लिहीत नाही; तू घरात विचार.

रागाच्या भरात काही करू नकोस. जेवत जा. आणि मला लगेच दोन ओळी टाक, माझा जीव तिकडे लागला आहे.

तुझी ताई,
विमल

एकलहरे वसाहत,
१९ जानेवारी १९८३

ती. ताईंना,
भिकनचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचे पत्र चांगुणाने वाचले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवले. आज तिसरा दिवस आहे. डबा भरून देते, गरम पाणी काढते, पण बोलत नाही.

सही माझी आहे. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, पोस्टमन आला तेव्हा मी घरी होतो आणि ती रेशनला गेली होती. पाड्याचे नाव वाचले. आईला कोण उठवील, विशाखाला शाळेला कोण धाडील, असे मनात आले. हुकूम कामावरच्या कपाटात ठेवला. दोन दिवसांनी सांगू म्हटले. दोनाचे चार झाले, मग सांगण्याची सोयच राहिली नाही. मग मी तिला दुकानात घेऊन गेलो.

मी वाईट माणूस नाही, ताई. मी दारू पीत नाही, तिच्यावर कधी हात उगारला नाही. तिला तुम्ही समजवा. ती म्हणेल तर रेंज नको म्हणून कळवतो. आपला लोभ मी गमावला नसेल, अशी आशा आहे.

आपला,
भिकन

एकलहरे वसाहत,
१६ फेब्रुवारी १९८३

ती. ताईस,
चांगुणाचा सविनय जयभीम, वि. वि.

रेंज आली. मी नको म्हटले नाही. चार माणसांनी उचलून आणली. आमचे स्वयंपाकघर केवढेसे, ती कुठेच बसेना. शेवटी मागच्या दाराला टेकवून ठेवली. आता ते दार उघडत नाही. धुणे वाळत घालायला पुढच्या दाराने सगळ्या चाळीला वळसा घालून जावे लागते. बायका बघायला येतात, काचेतून आत डोकावतात आणि मी नशीब काढले म्हणतात.

ह्यांना घेऊन मी कचेरीत गेले होते. गेलेली जागा परत मिळत नाही. पुन्हा अर्ज केला आहे, नवी यादी उन्हाळ्यानंतर लागेल. तिथल्या साहेबांनी रुजू न झाल्याचे कारण विचारले, तेव्हा ह्यांनी मान खाली घालून स्वतःच सांगितले. तेवढे त्यांच्या बाजूने लिहिते.

सासूबाईंना कोणी काही सांगितले नव्हते, पण त्यांना कळले. लेकाला जवळ बोलावून अडखळत विचारले, मी तुझ्याकडे हिची नोकरी मागितली होती का? माझ्या अंथरुणाचे नाव पुढे करून हिला का बांधलेस? त्यानंतर दोन दिवस त्यांनी ह्यांच्या हातून पाणी घेतले नाही. मी पाजले तेव्हा माझा हात धरून रडल्या. आणि ताई, त्यामुळेच मी जास्त अडकले. त्या वाईट असत्या तर मला सोपे गेले असते.

तू लिहितेस की पुढचा हुकूम आला की लगेच निघून ये. पण खरे सांगू? डिसेंबरात तो कागद माझ्या हातात पडला असता, तर सासूबाईंकडे आणि विशाखाकडे बघून कदाचित मीच नको म्हटले असते. रात्रभर रडले असते आणि सकाळी नको म्हटले असते. पण ते नको माझे असते. ह्यांनी ओव्हनचे दार मला विचारून घेतले, रंग मला विचारून घेतला, आणि एवढे एकच विचारले नाही.

आता उन्हाळ्यानंतर काय करीन, ते मलाच ठाऊक नाही. तू मात्र उत्तर आधीच ठरवून पाठवू नकोस. नुसती खुशाली लिही, आणि माया असू दे.

तुझी,
चांगुणा