लांब श्वास, एक शिट्टी, दोन खोकले

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपार.

पहिली आली कार्मेन. अकराला सांगितलं होतं, ही पावणेअकराला दारात, अंगाला हॉटेलच्या साबणाचा वास. आमच्या वरच्या मजल्यावर राहते, वसईची. हॉटेलात चादरी-टॉवेलांवर देखरेखीला आहे, रात्रपाळी करून आली की झोपायचं सोडून माझ्याकडे. कंबर धरते म्हणाली. मागोमाग मेहनाज, समोरच्या दाराची. महाडची आहे, म्हणजे इथून बघितलं तर आमच्या नागोठण्याला खेटूनच. तिला झोप येत नाही. नवरा गॅरेजात, मुलं शाळेत, बाईला दिवसभर चार भिंती. आल्या आल्या सांगत होती, दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाने खिडक्यांना पडदे म्हणून चादरी लावल्यात. कार्मेन म्हणाली, चादरी कुठल्या हॉटेलच्या ते मी खालूनच ओळखून सांगते. यात अर्धा तास गेला, पण त्यानेही छाती मोकळी होते.

माझा योगाचा वर्ग खरं तर परवाच सुरू व्हायचा. रविवार म्हणजे सगळ्यांना सुट्टी असं धरून मी पोहे भिजवून बसले, एक माणूस फिरकलं नाही. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. मस्कतला येऊन पाच महिने झाले तरी माझा रविवार नागोठण्यालाच राहिलाय. पोहे मी एकटीने संपवले.

ही वही नातीची, वल्लरीची. पुढची चार पानं गणिताची आहेत. गुडघ्याची डॉक्टरीण म्हणाली, आजी, रोज काय व्यायाम केला ते लिहून ठेवा. माझी चौथी झालेली आहे, लिहायला काय. तिने दिलेला कागद मात्र खुर्चीत बसून पाय हलवायचा आहे, तो मी फ्रिजवर लावलाय. दिसायला बरा दिसतो.

आता मुख्य. चैत्रात मी नागोठण्याला न्हाणीत घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच होते. तासभर. तेवढ्यावरून मुलगा सलील येऊन मला इथे घेऊन आला. तिथल्या घराची किल्ली त्याच्या कपाटात. परत कधी जायचं असं रोज विचारते म्हणून कंटाळून म्हणाला, आई, खाली मांडी घालून बस आणि कशालाही न धरता, हात न टेकता उठून दाखव. उठलीस की दुसऱ्या दिवशी तिकीट. बोलला तो बोलला. दसरा दोन तारखेला, गुरुवारी. दसऱ्याचं तोरण माझ्या दाराला लागणार. तेवीस दिवस आहेत, मला दहा पुरेत.

बुधवार, १० सप्टेंबर

पहाटे पाचला उठून पन्नास श्वास ठरवले होते. सातला जाग आली. श्वास अकरा झाले. मग वल्लरीचा डबा. बाकीचे एकोणचाळीस उद्याच्यात मिळवायचे.

रविवार, १४ सप्टेंबर

वर्ग जोरात. माझी पद्धत मी कुठल्या बाबा-महाराजांकडून घेतलेली नाही. आमच्या ह्यांची आहे. अकरा वर्षं रोज सकाळी पुढच्या गॅलरीत बसून करायचे, मी आत पोहे नाहीतर कांदा, कान बाहेर. बघितलं कमी, ऐकलं सगळं. आधी नाकाने लांब श्वास. मग पोटाने फुस फुस, वीस वेळा. मग ओम. मेहनाज ओमच्या जागी तिचं काहीतरी गुणगुणते, चालतं, नाकाला कुठे कळतंय. आणि शेवटी ओठ किंचित उघडे ठेवून छातीतून बारीक शिट्टी, आणि दोन खोकले, एक लहान, एक मोठा. हे शेवटचं ते अगदी शेवटच्या वर्षात करायला लागले, म्हणजे वरच्या इयत्तेचं असणार.

वल्लरीने टॅबवर पाच योगवाले शोधले. म्हणाली, आजी, शिट्टी कोणीच नाही करत. मी म्हटलं, त्यांची पाळी यायची आहे अजून.

कार्मेनला शिट्टी छान जमते. मेहनाजचा मोठा खोकला जरा लहान पडतो. शवासनात कार्मेन घोरली. ही समाधीची सुरुवात. मेहनाज झोपली नाही, पण कार्मेनचं घोरणं ऐकून बरं वाटलं म्हणाली, घरात कोणीतरी असल्यासारखं. योगानंतर पोट हलकं होतं म्हणून घावने केले होते. चौदा लागले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सूनबाई ऋचा ऑफिसातून लवकर आली आणि विचारत बसली, आई, डोळे का लाल. एसीने होतात. तिने एसी बघितला, बंद होता. म्हणून तर, म्हटलं, बंद केला की होतात.

मला दुःख असं नाही. हे माघात गेले, सात महिने झाले, श्वासाने सगळं बाहेर टाकता येतं. लांब घ्यायचा, लांब सोडायचा. सकाळी चहा दोन कप टाकला जातो, तो दुसरा मी अकराला गरम करून पिते, वाया जात नाही.

इथे मजा आहे. सकाळी सातला सगळे जातात, तीनला वल्लरी येते. मधे मी आणि फ्रिज. खिडकी उघडायची नाही, गार हवा जाते. गॅलरीत उभं राहायचं नाही, एसीच्या डब्याची गरम वाफ लागते. दुकान रस्त्याच्या पलीकडे, दिसतं, पण रस्ता एकटीने ओलांडायचा नाही. खिडकीतून पार्किंग दिसतं आणि मागे डोंगर, त्याच्यावर एक झाड नाही. मी त्याला रोज सांगते, बाबा, तुलाही कोणी हलवत नाही. पण नागोठण्याला एवढा गारवा कुठे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पुष्कळ प्रगती. सोफ्याचा हात धरून अर्धी खाली गेले. अर्धी म्हणजे पूर्णाच्या अगदी जवळ.

दुपारी वल्लरीने विचारलं, आजी, तुझी गुडघा अजून रागावली आहे का? पोरीचं मराठी असं, पण नेमकं विचारते. डॉक्टरणीच्या कागदावर मी रोज खुणा करते ते बघून म्हणाली, आजी, हे चीटिंग आहे. मी म्हटलं, पुढे करणार आहे त्याच्या आगाऊ खुणा आहेत. तर ती पण पाढ्यांच्या वहीत आगाऊ खुणा करून बसली, आणि ऋचा आम्हा दोघींना रागावली. काय गोड पोर आहे. नागोठण्याला गेल्यावर हिच्याशिवाय कसं होणार आहे ते मी लिहीत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सलीलने मॉलमध्ये फिरवलं. आधी घरातून गाडीत, मग गाडीतून मॉलात, मग परत. सगळं आतल्या आत. विचारलं, तिकिटं आत्ता स्वस्त आहेत का. म्हणाला, आई, आधी बस तरी. बसणार. रविवारी वर्ग आहे, दोघी साक्षीला असतील. सकाळी आधी एकटीने एक तालीम.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी १०.०५. बसले. न धरता. सतरंजीवर मांडी, पाठ ताठ. वही जवळच ठेवली होती म्हणून लगेच लिहिते. बघायला हे हवे होते.

१०.१५. आता उठणार.

१०.२०. बसणं इतकं उत्तम जमलंय की घाईने मोडावंसं वाटत नाही.

१०.३०. सतरंजी फरशीवरून सरकते. दोष सतरंजीचा. सोफा चार हातांवर. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मी ऐकतेय, कोणीतरी करतंय. गुडघा तापलेल्या तव्यासारखा. दूधवाला इथे येत नाही.

१०.४०. श्वास चालू. लांब घ्यायचा, लांब सोडायचा. वीस झाले. डोंगर इथून दिसत नाही, नुसतं आकाश.

१०.५०. बेल. दोघी. आतून ओरडून सांगितलं, मी आसनात आहे, दार उघडून भंग करायचा नाही, आज तुम्ही बाहेरच सुरू करा. मेहनाजने विचारलं, काकी, बरं आहे ना? म्हटलं, फार बरं आहे. बसल्या वाटतं जिन्याजवळ.

११.०५. चालू आहे त्यांचं. लांब श्वास. फुस फुस. आता शिट्टी.

सोमवार, २९ सप्टेंबर

कालचं पुढचं आज लिहिते.

जिन्यात आवाज घुमतो. दोघींनी मनापासून केलं, मी शिकवलंय तसं. बारीक शिट्टी, लहान खोकला, मोठा खोकला. वर्गात समोर बसून ऐकते तेव्हा कार्मेनचं वाटतं, मेहनाजचं वाटतं. काल मधे दार होतं. मी आत, आवाज बाहेर. अगदी ह्यांचा. माझा हात सवयीने कढई हलवायला पुढे गेला, समोर सतरंजी.

वॉचमन नुमान धावत वर आला. त्याला खालून वाटलं, कोणाला तरी झटका आला. या दोघी सांगतायत योग आहे, तो बांगलादेशचा, म्हणतो असा योग मी बघितलेला नाही. त्यानेच सलीलला फोन केला. सलील रुवी भागातल्या ऑफिसातून पंचवीस मिनिटांत आला. तेवढ्यात या दोघींनी अजून दोनदा केलं, मी आतून सांगितलं होतं ना, मी म्हणेपर्यंत थांबू नका. तिसऱ्यांदा करत होत्या तेव्हा लिफ्ट उघडल्याचा आवाज आला. मग किल्लीचा यायला हवा होता, तो बराच वेळ आला नाही.

आत आला तो रागावणार असं मी धरून होते. उत्तर तयार होतं, की मी पडलेली नाही, बसलेली आहे. तो माझ्यासमोर फरशीवरच बसला, ऑफिसच्या पँटीत.

"आई, ती शिट्टी आणि खोकला यांना कोणी शिकवलं?"

म्हटलं, कोणी म्हणजे, तुझ्या बाबांचंच आहे, रोज करायचे.

"तो योग नव्हता गं. बाबांना दम लागत होता."

दारात कार्मेन आणि मेहनाज उभ्या. कार्मेनने तोंडावर हात ठेवला होता. मी म्हटलं, सलील, मी रोज ऐकलंय, मला माहीत आहे काय होतं ते. तर खाली बघून हळूच म्हणाला, "मीही ऐकलं होतं, फोनवर. विचारलं होतं हा आवाज कसला. तू म्हणालीस, योग चाललाय. मलाही तेच बरं वाटलं."

मला माहीत नव्हतं.

हे खोडत नाही, पण पुरतं खरं नाही. एकदा तिसरा खोकला आला होता. दोनच असायचे, तो तिसरा आला, तेव्हा मी गॅस बारीक करून ऐकलं. मग पुढे काही आलं नाही म्हणून गॅस परत मोठा केला. पोहे लागत होते.

मला उठवलं ते असं. सलील आणि कार्मेनने काखेत धरलं, मेहनाजने मागून कंबर. एक गोष्ट नमूद करून ठेवते, माझे हात जमिनीला टेकले नाहीत. सोफ्यालाही धरलं नाही. नियमात हे बसतं. पण तिकिटाचं मी काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. रात्री त्याने डॉक्टरणीचा कागद फ्रिजवरून काढून माझ्या खुर्चीजवळ ठेवला आणि सोबत पाय हलवत बसला, दहा वेळा, दोघांनी. मी मोजले. आठ झाले होते, तो दहा म्हणाला. आमच्याकडे हे असंच आहे.

आज सकाळी दोघी बघायला आल्या. घावने मेहनाजने केले, जाडे झाले, कोणी बोललं नाही. ती म्हणाली, रात्री पाच तास झोपले, काकींची काळजी करता करता डोळा लागला. कार्मेन बराच वेळ कप फिरवत होती. मग म्हणाली, मावशी, शिट्टी गाळायची का आता? पण माझी कंबर त्यानेच सुटली हो. म्हटलं, गाळायची. कंबर तुझी घोरण्याने सुटली आहे. मग वीस फुसफुस झाल्यावर पुढे काय करायचं, असं मेहनाज विचारत होती. म्हटलं, गप्प बसायचं थोडा वेळ. ते त्या दोघींना जमेल असं वाटत नाही.

सलीलने मघाशी विचारलं, दसऱ्याला काय आणू. झेंडू कार्मेन आणणार आहे, हॉटेलात सजावटीचा उरतो तो मागून. तोरण मीच ओवीन, खुर्चीत बसून. दार इथलं.

दुसरा कप आजही झाला होता. तो कार्मेनला दिला.

दोघी येतो म्हणाल्या आहेत, गुरुवारी, अकराला.