चौथ्या वळणावरचा जोड

प्रिय धाकल्या,

फोन तू दोनदा कापलास, म्हणून हे लिहिते आहे. रागावलेली नाही. वीजघरात साहेब मागे उभे असताना बहिणीशी काय बोलणार तू! पण हे पूर्ण वाच, अर्धवट वाचून खिशात कोंबू नकोस.

डोंगरावरून तुमच्या वीजघरात पाणी उतरवणाऱ्या दाबनळाचे वेल्ड तपासायला मला पाठवलं, तेव्हा वहिनी केवढी खूश झाली होती. म्हणाली, "आता ताईंचं जेवण आमच्याकडेच." सकाळभर मी पाइपाच्या पोटात रांगायचे आणि दुपारी आईच्या खाटेशी बसून बोलणी खायचे. बाईमाणसाने असं बिळात शिरावं का, अंगाला गंजाचा वास मारतो! तू हसून लोळायचास. मग चौथ्या वळणावरच्या जोडाशी माझ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ उसळली. वेल्डच्या अगदी कडेला, जिथे पोलाद तापून निवताना नको तितकं कडक होतं, तिथे आत भेग होती. दुसरं यंत्र आणून पुन्हा पाहिलं. भेग तिथेच. वरून मात्र काही दिसत नाही, रंग अगदी कोरा करकरीत.

तुला कळेल असं सांगते. पोलाद जास्त ताकदीचं, म्हणून नळाची भिंत पातळ ठेवली आहे. साधं पोलाद बिघडलं तर बहुतेकदा आधी फुगतं, पाझरतं, माणसाला पळायला वेळ देतं. हे भेगाळलेलं कडक पोलाद तेवढीही उसंत न देता तडकू शकतं. रोजच्या दाबाला ते कदाचित तग धरेल. पण आज दुपारी तुमची चाचणी आहे. मशीन पूर्ण भारावर चालवून विजेचा भार एकदम तोडायचा, की मशीनकडे जाणाऱ्या पाण्याची झडप झटकन मिटते. पाण्याची वाट अशी अचानक अडली की त्याचा धक्का उलटा नळात चढतो, आणि तो त्या जोडाला सोसेल असं मला सांगता येत नाही रे.

बैठकीत हेच सांगितलं. जोड कापून नवा करा, तोवर नळ रिकामा ठेवा. मोठे साहेब अगदी थंडपणे म्हणाले, "बाई, धोका म्हणजे फुटण्याची शक्यता गुणिले नुकसान. शक्यता कमी आहे, आणि खाली दिवसा कुणी नसतं." त्या जोडाच्या खाली म्हणजे तुमची वसाहत! पुरुष कामावर, मुलं शाळेत, म्हणून घरं रिकामी धरली. मी विचारलं, अर्धांगाने खिळलेली माझी आई कुठल्या कामावर जाते? कुणीतरी चक्क हसलं. मग मी ओरडले, टेबलावर हात आपटला, सगळ्यांसमोर रडलेही. त्यांनी मला सक्तीच्या रजेवर पाठवलं. सरकारी कचेरीत फोन केला, तर म्हणे अर्ज पाठवा, पाहू.

आज सकाळपासून वसाहतीत दारोदार फिरले, घसा बसला. तुमच्या शेजारची बाळंतीण म्हणाली, "तान्ह्याला घेऊन कुठे जाऊ? आणि घर सोडल्याचं साहेबांना कळलं तर यांची नोकरी जाईल." कुणीच हललं नाही. शेवटी आईला म्हटलं, तुला तरी पाठुंगळी घेऊन जाते. तर ती म्हणाली, "माझ्या एकटीचा जीव वाचवून त्या पोरीला तोंड कसं दाखवू?" मग मीही जायचं सोडलं.

हे तिच्या उशाशी बसूनच लिहिते आहे. वहिनीच्या हाती देते. ती लेकीला शाळेतून घेऊन थेट तुझ्याकडे येईल, दोघींना परत वसाहतीत पाठवू नकोस. वहिनीला वाटतंय, मी आईला घेऊन मागोमाग निघतेय. मी निघणार नाही. धमकी देत नाहीये, मला दुसरं काही सुचतच नाहीये. चाचणीचं बटण तूच दाबणार आहेस, म्हणून तुला माहीत असायला हवं की आम्ही दोघी इथे आहोत, आणि भिंतीपलीकडे ते तान्हं आहे. नोकरी गेली तर जाऊ दे, काहीतरी करून पोटं भरू. आई आत्ताच विचारत होती, तू जेवायला कधी येणार. मी म्हटलं, येईल. हात मागे घे, राजा.

तुझीच,
ताई