बारा दिवसांची लेक

उदगीर, रविवार

प्रिय अंबिका,

तू मलावीला परत जाऊन महिना झाला, तरी गल्लीत अजून तुझंच कौतुक चाललंय. हे फोनवर बोलता येत नाही, अव्वा शेजारीच बसलेली असते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षराकडे बघू नकोस, रागात लिहिलंय.

खरं सांगते, तू बारा दिवस आलीस आणि माझा नुसता जळफळाट झाला. मठात तुला शाल, श्रीफळ, हार. का, तर परक्या देशात दोन वर्षं फुकट पोरी शिकवतेस. मी अकरा वर्षं अंगणवाडीत पोरांची नाकं पुसते, मला कुणी नारळाची शेंडीसुद्धा दाखवली नाही. हनीफचाचांनी तुझ्या शाळेसाठी चाळीस दप्तरं शिवून दिली. माझा ब्लाउज त्यांच्याकडे श्रावणापासून पडलाय. विचारलं तर म्हणाले, तुमचं काय बाई, तुम्ही हितंच हाव की. हितंच हाय, हाच माझा गुन्हा झाला बघ.

मनगट दुखतं म्हणून अव्वानं दोन वर्षं मुसळाला हात लावला नव्हता. धाकट्या लेकीसाठी मात्र उखळापाशी बसून शेंगांची चटणी कुटली. त्या चटणीचा डबा तुला तिकडे सापडला नाही, विमानतळावर काढून घेतला असेल असं तू म्हणालीस. अंबे, तो मी काढला. तू रिक्षा बघायला बाहेर गेलीस, तेवढ्यात बॅगेतून. तू गेल्यावर एकटीच कडक भाकरी घेऊन बसले, पहिला घास घातला तर गोड. तिनं मिठाच्या जागी साखर टाकली होती.

मला नवल वाटलं नाही. तू सकाळी तिच्या लिंगपूजेचा व्हिडिओ काढायचीस, अव्वाची भक्ती लई वाढली म्हणायचीस. एका सकाळी दोनदा पूजा. अगं, पहिली केलेली तिच्या ध्यानात नसायची. पुन्हा आंघोळ, पुन्हा विभूती, आणि पूजेआधी तिला पाण्याचा घोटही चालत नाही. मी रोज हात धरून सांगते, झाली पूजा, चल खायला. तुझ्या बारा दिवसांत मी गप्प बसले. लातूरच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, हे विसरणं वाढतच जाणार. अव्वानं माझ्याकडून शपथ घेतली, अंबीला कळू देऊ नको, ती काम टाकून येईल. सगळं विसरत चालली तरी काळजी तुझीच. शपथ मी पाळली, पण तिच्यासाठी नाही. म्हटलं, तुला सगळंच मिळतं, अव्वाचं हे दुखणं तरी माझं एकटीचं राहू दे.

आज दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला. अव्वा हसली, जेवलीस का म्हणाली, तू खूश झालीस. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, कोण होती गं ती पोरगी, लई गोड बोलती. अंबिका, मला आनंद झाला. देवाशपथ झाला. तिच्यापाशी आता मी एकटीच उरले असं वाटलं. तुझी धाकटी लेक हाय, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, हाय एक ओळखीतली. तिनं मान डोलावली आणि सुपातल्या शेंगा फोडायला लागली. ती निजल्यावर मी कागद घेऊन बसले, शपथ मोडून लिहितेय. तू ये. तिनं उद्या पुन्हा विचारलं तर मी खरं सांगेन, असा माझा मलाच भरवसा नाही. तू कोण आहेस ते तूच येऊन तिला सांग.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
अक्का